पुस्तकातला पानाड्या

१९४६ साली पुण्याचे एक लेखक जामखेडला यशया पानाड्याकडे दोन दिवस राहिले आणि जमिनीतलं पाणी शोधण्यावर एक सोपं पुस्तक लिहून मोकळे झाले.

ते वाचून जवळच्या गावातल्या कारभारी नावाच्या शेतकऱ्यानं उंबराखाली विहीर खणायला घेतली. पाच महिने सगळं घर काळा खडक फोडत होतं. कानावर आलं तसा यशया धावत आला.

"आरं, नुसत्या उंबरावर पाणी ठरत न्हाई. माती, वारुळं, समदं बगावं लागतं. तरीबी निम्म्या येळा मी चुकतो!"

कारभारीनं पुस्तक उघडून वाचून दाखवलं, "'उंबराखाली पाणी हमखास,' असे यशया पानाडे सांगतात."

"मी न्हाई रं आसं बोललो!"

 

"तुमी निम्म्या येळा चुकता, आत्ताच म्हनलात," घण उचलत कारभारी म्हणाला. "पुस्तकातला यशया एकदाबी चुकत न्हाई."