हाताने केलेली यादी

"आधी इथं सही करा," विसपुते म्हणाले आणि त्यांनी कागद टेबलावरून पुढे सरकवला.

स्नेहल पगारेने तो उभ्याउभ्याच वाचला. 'मी तयार केलेला प्रोग्रॅम ऐन वेळी बंद पडल्यामुळे गुणवत्ता यादी हाताने करावी लागली. याची जबाबदारी माझी आहे.' खाली तिचं नाव टाइप करून ठेवलं होतं.

"आधी मशीन बघते," ती म्हणाली.

विसपुते नाशिक रोडच्या त्या खासगी नर्सिंग स्कूलचे ऑफिस सुपरिंटेंडेंट होते. स्नेहलने २००४ साली तिथं कंत्राटावर असताना हा प्रोग्रॅम लिहिला होता. अर्जांतले गुण वाचायचे आणि चाळीस जागांची यादी काढायची, एवढंच त्याचं काम. तीन वर्षं त्याने ते बिनतक्रार केलं. यंदा तिच्या खुर्चीवर दिनेश बोरसे होता, आणि तो खुर्चीवरून उठला नाही. तिने बाजूचं स्टूल ओढलं.

स्क्रीनवर एक चौकट उघडलेली होती. python23.dll नावाची फाइल सापडत नाही, असं त्यात लिहिलेलं.

"सकाळी फोनवर मी तुम्हाला तीनदा विचारलं, चौकटीत काय लिहिलंय," स्नेहल म्हणाली.

"इंग्रजीत काहीतरी आहे," दिनेश म्हणाला. "तुमचा प्रोग्रॅम जुना झालाय. सडलाय."

"काल इथं काय बदललं?"

"काहीच नाही."

स्नेहलने सी ड्राइव्ह उघडला. तिचा प्रोग्रॅम ज्या भाषेत लिहिलेला होता, त्या पायथनच्या २.३ आवृत्तीचं फोल्डर नव्हतं. त्याच्या जागी २.५ होतं. तारीख कालची, वेळ संध्याकाळी सहा चाळीस.

"हे?"

"नवीन टाकलं. जुनं काढलं. नवीन टाकणं गुन्हा आहे का?"

"अर्ज फॉक्सप्रोच्या जुन्या फायलींत आहेत. त्या फायली वाचणारा तयार कोड, लायब्ररी म्हणतात ती, फक्त २.३ वर चालते. ज्याने ती बनवली, त्याने पुढे हातच लावला नाही. मी जाताना भिंतीवर कागद चिकटवून गेले होते, २.३ काढू नका म्हणून."

दिनेशने भिंतीकडे पाहिलं नाही. भिंतीवर चिकटपट्टीचे चार तुकडे तेवढे उरले होते.

तिने पर्समधून २.३ ची सीडी काढली. ती घरूनच घेऊन आली होती.

"बाहेरची सीडी चालणार नाही," दिनेश म्हणाला. "व्हायरस असतात."

"मग तुम्ही चालू करून दाखवा."

तो उठून दाराशी जाऊन उभा राहिला.

तिने २.३ पुन्हा टाकलं. प्रोग्रॅमवर डबल क्लिक केलं. पुन्हा तीच चौकट. दारातून हसण्याचा आवाज आला. ती चौकटीकडे बघत राहिली. मग तिच्या लक्षात आलं, विंडोज अजून नव्या पायथनलाच हाक मारत होतं. तिने कमांड द्यायची काळी खिडकी उघडली आणि जुन्याचा पूर्ण पत्ता हाताने टाइप केला.

प्रिंटर खरखरला. चाळीस नावं बाहेर आली.

तिने कागद विसपुतेंसमोर ठेवला. "घ्या. झालं चालू."

त्यांनी तो उचलला नाही. "तुम्हाला दुरुस्तीला कुणी बोलावलं होतं?"

"तुम्हीच."

"सहीला बोलावलं होतं. यादी सकाळी दहालाच लागली."

खिडकीखालच्या टेबलावर त्या यादीची प्रत पडली होती. स्नेहलने ती घेतली, प्रिंट शेजारी धरली आणि बोट फिरवत खाली आली. एकदा, मग परत एकदा.

"यात माझ्या यादीतली तीन नावं नाहीत. आणि ही तीन आहेत, ती माझ्या यादीत कुठेच नाहीत."

"चारशे अर्ज. हाताने करताना एखादं इकडंतिकडं होतं."

"तीन."

"तुम्हा लोकांना सगळीकडे अन्यायच दिसतो."

"कुठल्या लोकांना?"

विसपुतेंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "कॉम्प्युटरवाल्यांना," ते म्हणाले. "सही करा आणि निघा. पुन्हा या गेटातून आत यायचं नाही."

स्नेहलने सहीच्या कागदाच्या चार घड्या घातल्या आणि तो पर्समध्ये टाकला; प्रिंट हातातच ठेवली. दिनेश दार अडवून उभा होता. "बाजूला व्हा," ती म्हणाली. तो हलला नाही. ती त्याच्या अगदी समोर जाऊन थांबली आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. शेवटी तो सरकला.

बाहेर नोटीस बोर्डाला काच होती आणि काचेला कुलूप. गर्दी ओसरली होती. एक मुलगी अजून काचेवर बोट ठेवून वरपासून वाचत होती. तिच्या पायाशी पत्र्याची पेटी होती. शेजारी टोपी घातलेला बाप होता.

"चल बये, सुरगाण्याची गाडी चुकंल," तो म्हणाला. "नाय नाव, तर नाय."

"अजून एकदा बघते, बा."

"नाव काय तुझं?" स्नेहलने विचारलं.

"चांगुणा भोये."

स्नेहलने प्रिंट तिच्या हातात दिली आणि गाळलेल्या तिघांतल्या एका नावावर बोट ठेवलं. मुलीने स्वतःचं नाव ओठ हलवत वाचलं. मग बापाला वाचून दाखवलं. बापाला वाचता येत नव्हतं, तरी त्याने कागद हातात घेऊन बराच वेळ बघितला.

"आत ऑफिसात विसपुते साहेब बसलेत, त्यांना हे दाखव," स्नेहल म्हणाली. "ते जा म्हणतील. जाऊ नकोस. मी इथंच आहे."

"रागावतील का?"

"हो. खूप."

मुलीने ओढणी नीट केली. पेटी उचलून ती पायऱ्या चढली, बाप मागोमाग. आतून विसपुतेंचा चढलेला आवाज आला. काय म्हणाले ते बाहेर कळलं नाही. त्यानंतर ऐकू आला तो फक्त पेटीचा आवाज. कुणीतरी ती ऑफिसच्या मधोमध खाली ठेवली होती.