मथुराचा फोटू

सलग दोन वर्षं धान पिकलं नाही, तेव्हा भंडाऱ्याकडचे शेतमजूर भिलाईला आले आणि पोलाद कारखान्याच्या भट्टीच्या बांधकामावर माती वाहू लागले. त्यांचे फोटो काढायला नागपूरच्या एका वर्तमानपत्राने शामसुंदरला पाठवलं होतं. डोक्यावर घमेलं घेऊन निघालेल्या मथुरावर त्याची नजर खिळली. पण त्याने कॅमेरा उचलला की ती थांबायची आणि सरळ भिंगात बघायची.

"बाई, इकडे बघू नका. काम करत राहा."

"मी त पाहीनच, साहेब."

मुकादम तिच्यावर खेकसला. ती हलली नाही.

"तुमचा पेपर रायपूर, राजनांदगावले जाते ना?" तिने विचारलं.

"जातो. का?"

"आमच्या घरचे धनी कामाच्या शोधात पयलेच निघाले. कुठी हायेत, ठाव नाही. त्यायले वाचता येत नाही, पण माहं तोंड वळखतीन."

शामसुंदरने कॅमेरा पुन्हा उचलला. जवळ येऊन तो गुडघ्यावर बसला.

"थांबा," घमेलं खाली ठेवत मथुरा म्हणाली. "मागची भट्टी बी येऊ द्या. मी कुठी आहो, हे त्यायले समजाले पायजे."