काठोकाठ

आई दारापर्यंत आली, पण चपला काढेना.

“चपला घराबाहेर काढतात. ही तर होडी आहे.”

“घर आहे, आई. इतकी वर्षं मी काय झोपा काढत होते?”

श्रीवर्धनसमोरच्या समुद्रात तरंगणारं हे घर मीच आखलं होतं. ते डुलू नये म्हणून तळाखाली खोलवर लोखंडी वजन, आणि हवं तिथं नेता यावं म्हणून मागे इंजिन. आईला त्यातलं काही ऐकायचं नव्हतं. ती चपलांसकट आत आली. नव्या घरात उतू जाऊ द्यायला आणलेलं दूध तिनं पातेल्यात काठोकाठ ओतून ओट्यावर ठेवलं. गॅस मात्र पेटवला नाही.

“आधी लाट येऊ दे. थेंब जरी सांडला तरी मी निघाले.”

तेवढ्यात शेजारून ट्रॉलर गेला. त्याच्या लाटेवर खिडकीबाहेरच्या होड्या वर-खाली नाचल्या. पातेल्यातलं दूध नुसतं थरथरलं.

मी पातेल्याकडे बोट दाखवलं.

आई वळून दारापर्यंत गेली. तिनं चपला बाहेर काढल्या, परत आली आणि गॅस पेटवला. दूध उतू गेलं तसे तिनं हात जोडले.

“चल, आता मला हर्णैला माहेरी ने,” ती म्हणाली. “घरासकट!”