घरचं वळण

भातुकलीच्या कोपऱ्याजवळ बसायचं आणि मुलं काय खेळतात, काय बोलतात ते मुकाट्यानं टिपायचं, हे बालवाडीच्या बाईंचं काम. घरात जे चालतं ते पोरं खेळात ओकून टाकतात, असा त्यांचा अनुभव. आज चिमणीनं बाहुलीला मांडीवर आडवं घेतलं, बाटलीच्या झाकणातून खोटं खोटं औषध पाजलं आणि दटावलं, "गुपचूप पी. कुणाला सांगायचं नाही. आता झोप."

बाईंनी वहीत शब्दन् शब्द उतरवून घेतला. शाळा सुटल्यावर त्यांनी चिमणीच्या आईला गाठलं. "पोरीला झोपेचं औषध पाजता?"

"काहीतरीच काय बाई! घरी तर ती झोपता झोपत नाही."

आईला रडू फुटलं, तशी बाईंची खात्रीच पटली. निरीक्षणाखाली त्यांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं : घरचं वळण.

मग त्यांनी बालवाडीतल्याच झोपायच्या खोलीतून आपल्या पेंगुळलेल्या लेकीला उचललं. दुपारी सगळी चिल्लीपिल्ली तिथं, मुलांना सांभाळणाऱ्या मावशींच्या हवाली असत. मावशींच्या हाताला काय जादू होती कोण जाणे, डोकं टेकलं की पोरं गाढ.

घरी पोचल्यावर लेकीनं आपल्या अस्वलाला मांडीवर आडवं घेतलं आणि त्याच्या तोंडाला एक झाकण लावलं. "गुपचूप पी. कुणाला सांगायचं नाही."

बाईंनी लेकीला जवळ ओढलं. "असं कोण करतं गं, सोने?"

"मावशी," लेक जांभई देत म्हणाली. "रडलं की दोन झाकणं."