तळ्याच्या दारापर्यंत

"हसू नका बाईसाहेब, ठेका चुकेल," व्हिताले म्हणाला आणि स्वतःच हसला.

ओर्सोलाला हसू आवरेना. भर दुपारी, सगळ्या मांतोव्हा शहराच्या डोळ्यांदेखत, स्वतःच्याच लग्नातून ती पळून चालली होती आणि अख्खं वऱ्हाड तिच्यामागे नाचत येत होतं!

युक्ती व्हितालेची. तो नाच शिकवणारा मास्तर. गावातल्या बड्या घरच्या मुली त्याच्याकडूनच पाऊल टाकायला शिकत. नाचमास्तर पुढे, त्याचा हात धरून नवरी, आणि तिच्यामागे हातात हात गुंफलेली पाहुण्यांची लांबलचक रांग, असा नाच त्याने या लग्नासाठी मुद्दाम बसवला होता. रांग दिवाणखान्यातून निघणार, अंगणातून बागेत, बागेतून तळ्याच्या दाराशी. दारापलीकडे पायरीला लावलेली नाव. तिथे ओर्सोलाने मागचा हात सोडायचा, दोघांनी नावेत उडी घ्यायची. मग तळ्यातून नदीने व्हेनिस, आणि तिथून जहाजाने सलोनिका. तिथे तुर्की सुलतानाचं राज्य. यहुदी माणसाने ख्रिस्ती मुलीवर जीव लावला, तर तिथे त्याला कुणी फासावर चढवत नाही, असं व्हिताले सांगे.

सगळा हिवाळा असाच गेला होता. शिकवणीला आत्या राखण बसायची आणि व्हिताले तिच्या समोर खुशाल मोजायचा, "एक, दोन, वळा." वळताना ओठ कानाशी आले की हळूच, "आज काय दिसतेस!" आणि पुन्हा मोठ्याने, "तीन!" ओर्सोला फिसकन हसायची. आत्या डाफरायची, "नाचायला शिकतेयस की खिदळायला?"

रांग अंगणात आली. नवरदेव आन्साल्दोशेठ खुर्चीत बसले होते. साठी उलटलेली, पाय सुजलेले. नवरी समोरून जाताच ते टाळ्या पिटत ओरडले, "बघा, बघा! माझी बायको बघा कशी नाचतेय!"

ओर्सोलाने त्यांना झोकात मान लववली. माणूस वाईट नव्हता बिचारा.

बागेत तिची ओढणी लिंबाच्या कुंडीत अडकून टर्रकन फाटली. भाजलेल्या बदकांचं ताट घेऊन येणारा आचारी रांगेत सापडला आणि ताटासकट नाचू लागला. मागून बासरी आणि ढोल चढत चालले. ओर्सोलाला जमीन पायाखाली लागतच नव्हती.

दार उघडंच होतं. पलीकडे पाणी झगझगत होतं. नावाडी वल्हं धरून तयार.

"अजून चार ठेके," व्हिताले पुटपुटला. "मग सोड."

मागचा हात तिच्या भावाचा, रिनाल्दोचा होता. त्याला दारू चढली होती आणि तो भलताच खुशीत होता. पाणी दिसताच तो ओरडला, "अरे, हा यहुदी आपल्याला बुडवायला निघालाय! मास्तर, माझ्या बहिणीला काही झालं ना, तर संध्याकाळच्या आत तुमची अख्खी गल्ली पेटवीन!"

"मी लाकडं आणतो!" रांगेतून कुणीतरी म्हणालं.

"मशाल माझ्याकडे!" आणखी कुणीतरी.

सगळी रांग खदखदून हसली. ओर्सोलाने वळून भावाकडे पाहिलं. तोही हसत होता. पण लहानपणापासून ती त्याला ओळखत होती. बोललेलं तो करायचा.

त्या गल्लीत व्हितालेची आई राहत होती. नुकतीच बाळंत झालेली बहीण होती. सगळा हिवाळा दोघांनी सलोनिकाच्या गप्पा मारल्या, पण मागे राहणाऱ्यांचा विषय एकदाही निघाला नव्हता. व्हितालेला आत्ताही काही ऐकू गेलं नव्हतं. त्याचे डोळे नावेवर होते आणि चेहरा नुसता उजळून निघाला होता.

"आता!" तो म्हणाला.

तिने हात सोडला. मागचा नाही, पुढचा.

व्हिताले एकटाच नावेत जाऊन पडला. नावाड्याने ठरल्याप्रमाणे नाव ढकलली. तो धडपडत उठला, रिकामा हात तिच्याकडे पसरून उभा राहिला. तोवर दार आणि नाव यांच्यामध्ये पाणी आलं होतं.

"मास्तर चालले!" ओर्सोला जिवाच्या आकांताने हसत ओरडली. "आता पुढे मी!"

आणि ठेका न चुकवता ती वळली, रांगेला घेऊन बागेतून अंगणात, नवऱ्याच्या खुर्चीपर्यंत नाचत गेली. टाळ्या थांबेनात. असा गमतीचा नाच मांतोव्हाने पाहिला नव्हता.

व्हिताले परत आला नाही. त्या वर्षी लग्न ठरलेल्या प्रत्येक मुलीला मात्र तोच नाच हवा होता, आणि मास्तरच नाही म्हटल्यावर पोरी आन्साल्दोशेठच्या घरी येऊ लागल्या. पावलं त्यांना चटकन जमत. पुढच्याचा हात नेमका कधी सोडायचा, तेवढंच जमत नसे. ओर्सोला हसत हसत त्यांना ते पुन्हा पुन्हा करून दाखवी.