फुंकर

समोरच्या बाईचं सूप ती फुंकत होती.

वाडगा आपल्याकडे कधी ओढला, कडेकडेचं सूप चमच्यानं कधी ढवळलं, तिचं तिलाच कळलं नव्हतं. दोन फुंकरा मारून झाल्या. तिसरी मारताना तिनं वर पाहिलं. वाडग्याची मालकीण हाताची घडी घालून शांतपणे तिच्याकडे बघत होती.

ती गोरीमोरी झाली. वाडगा घाईघाईनं परत सरकवला, तर सूप टेबलावर सांडलं. ते पुसायला तिचा हात खांद्यावरच्या ओढणीकडे गेला. ओढणी नव्हतीच. आज जीन्स होती.

"माफ करा हो. सवय..."

"मी पासष्ट वर्षांची आहे," बाई म्हणाली. "दात अजून माझे आहेत. फुंकताही येतं."

दोघींचंही इंग्रजी मोडकं, त्यामुळे गप्पांना कुठे अडत नव्हतं. परवाचीच ओळख. परदेशातल्या त्या स्वस्त लॉजवर सहा जणींच्या खोलीत दोघींच्या खाटा वर-खाली. बाई शहरात बस चालवायची. गेल्या महिन्यात निवृत्त झाली आणि आयुष्यात पहिल्यांदा एकटी फिरायला निघाली. हिनं मनातल्या मनात तिचं नाव ड्रायव्हरबाई ठेवून टाकलं होतं.

हिला मात्र नणंदेनं ढकललं होतं. कपाटात लग्नाच्या शालूखाली नणंदेला हिचा पासपोर्ट सापडला. लग्नाआधी हौसेनं काढलेला. एकही शिक्का नाही आणि मुदत संपायला आठ महिने. "वहिनी, ही फोटोतली मुलगी कोण गं?" नणंदेनं चेष्टेत विचारलं. हिनं पासपोर्ट परत शालूखाली सरकवला. मग नणंदच म्हणाली, "जा, शोधून आण तिला. आठ दिवस लेकीला मी आणि दादा बघतो. कोणी उपाशी मरत नाही."

आज तिसरा दिवस. ती मुलगी काही सापडली नव्हती. जिकडेतिकडे सापडत होती ती लेकीची आईच. पहाटे साडेपाचला तिला टक्क जाग यायची. बाकीच्या आंघोळीला गेल्या की ती सगळ्यांच्या पांघरुणांच्या घड्या घालून ठेवायची. काल संग्रहालयाच्या रांगेत सॅक पोटाशी धरून ती अर्धा तास या पायावरून त्या पायावर झुलत राहिली. सॅक काही झोपली नाही.

आणि आज सकाळी तिनं घरी फोन लावला. लेक रडणार, काय काय सांगून समजवायचं, याची पूर्ण तयारी करून लावला. चार वर्षांची लेक म्हणाली, "आई, नंतर. मी खेळतेय ना!" आणि फोन आत्याच्या हातात कोंबून पळाली.

रडली असती तर हिनं आठ दिवस कसेबसे काढले असते. हे मात्र तिला सोसेना. तेव्हापासून ती फोनवर तिकीट बदलायचं पान उघडून बसली होती. दुपारच्या विमानात जागा होती. एक बटण दाबलं की रात्री घरी.

"जाणार म्हणतेस?" ड्रायव्हरबाईनं हनुवटीनंच फोन दाखवला.

"तिकडे सगळं अडलंय माझ्यावाचून," ती म्हणाली आणि उगाचच मिठाची बाटली सरळ करून ठेवली.

तेवढ्यात टेबलाखाली धप्पकन आवाज झाला. तिनं वाकून पाहिलं. ड्रायव्हरबाईचा उजवा पाय जमिनीत रुतल्यासारखा दाबला गेला होता. बाहेर रस्त्यावर एक बस जरा जास्तच वेगानं वळत होती. बस नीट वळली, तसा पाय सुटला.

"चौतीस वर्षं चालवली," बाई ओशाळून म्हणाली. "मी निवृत्त झाले, पाय झाला नाही. परवा येताना मागच्या सीटवर बसून सगळा घाट ब्रेक दाबत आले. पोटरी अजून दुखतेय."

ही हसली. खो खो हसली. पलीकडच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली, तरी हसत राहिली. आपलं हे हसणं तिनं बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

"घरी सगळ्यांचं तू फुंकतेस," ड्रायव्हरबाई डोळे पुसत म्हणाली. "मग तुझं कोण फुंकतं?"

"माझं? माझं आपोआप गार होतं."

ती सहज बोलून गेली होती. पण ड्रायव्हरबाईचं हसू थांबलं. तिनं काउंटरकडे वळून एक बोट वर केलं. दुसरा वाडगा आला, नुसता वाफाळत. तो तिनं हिच्या पुढ्यात ठेवला आणि फोन बाजूला सारला.

"पाच मिनिटं गाडी थांबवलीय. खा."

चमचा हातात धरून ती तशीच बसून राहिली. आता दूध उतू जाईल. आता दाराची बेल वाजेल. आता मोरीतून "आईऽऽ, झालीऽऽ!" अशी आरोळी येईल. तिनं एकदा मागे वळूनही पाहिलं. कोणी हाक मारली नाही. टेबलाखाली तिची टाच उठायच्या तयारीत वर झाली होती. फोनचा पडदा मिणमिणला आणि काळा झाला.

तिनं चमचा भरला आणि भसकन तोंडात घातला. जीभ चर्रकन पोळली. डोळ्यांत टचकन पाणी आलं. चार वर्षांत पहिल्यांदाच तिच्या तोंडात इतकं गरम काही गेलं होतं.

"अगं, काय झालं?" ड्रायव्हरबाई अर्धी उठली.

"पोळलं!" ती चक्क आपल्याच भाषेत म्हणाली. मग तिनं फोन पालथा घातला आणि दुसरा चमचा तोंडात घातला, न फुंकता.