वीस फूट

“किती गो?” पॅसेजच्या टोकाला स्टुलावर बसलेल्या बाबांनी हात वर करून विचारलं.

“तीन,” अपूर्वा दारातून म्हणाली.

“बरोबर. वाच आता.”

तिच्या जिवात जीव आला. ती पुन्हा मोबाईलवरच्या नोट्सकडे वळली. स्पर्धा परीक्षेला दोन महिने उरले होते, आणि तीन वर्षांचा सगळा अभ्यास तिने या एवढ्याशा स्क्रीनवरच रेटला होता.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, स्क्रीनचा उजेड कमी ठेव, पिवळसर ठेव, अक्षरं मोठी कर आणि दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरचं काहीतरी बघ. चारकोपच्या त्या खोलीत वीस फूट आणायचे कुठून? खिडकीतून हात लांब केला की शेजारच्या टॉवरची भिंत हाताला लागायची. शेवटी बाबांनी टेप घेतला आणि दारापासून पॅसेजच्या टोकापर्यंत मोजलं. नेमकं बसलं. तेव्हापासून दुसऱ्या पाळीला निघेपर्यंत सगळी सकाळ ते तिथे स्टूल टाकून बसायचे. एकाच हाताची बोटं दाखवणार, आणि आकडा चुकला की मोबाईल बंद, परीक्षा बंद, असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. बाबा म्हणजे बाळा सावंत, बोलले की बोलले, हे अख्ख्या मजल्याला ठाऊक होतं.

डॉक्टर आणखीही काही बोलले होते. उजेड कमी केल्याने आराम पडेल, एवढंच. डोळ्याच्या आतला पडदा झिजत चालला होता आणि त्यावर औषध नव्हतं. हे मात्र तिने घरी सांगितलं नव्हतं.

गेले आठ दिवस तिला टोकाला नुसता निळा शर्ट दिसत होता, तोही पुसट. बोटं दिसणं लांबच. ती आपली ठोकून द्यायची. दोन, चार, तीन. दर वेळी वाटायचं, आता वाट लागणार.

वीस मिनिटं झाली.

“किती गो?”

ओठांवर आलेला ‘दोन’ तिने गिळला. आठ दिवस ती ठोकून देत होती आणि आठ दिवसांत एकदाही चुकली नव्हती.

“सहा,” ती म्हणाली.

निळा शर्ट जागचा हलला नाही.

“बरोबर,” बाबा म्हणाले. “वाच आता.”